काल्याचे कीर्तन काल झाले नाही

दिनांक : २० फेब्रुवारी २०२५

प्रति,
मा. मुख्याधिकारी साहेब,
नगरपंचायत कार्यालय, चिचपेठ,
जिल्हा चंद्रपूर.

विषय : हनुमान मंदिराच्या पटांगणात उद्या होणाऱ्या (काल झालेल्या नव्हे) काल्याच्या कीर्तनासाठी वीस बाय तीस फुटांचा तात्पुरता मंडप घालण्याची परवानगी मिळणेबाबत, तसेच सदर कीर्तन अजून झालेले नाही, असे एका ओळीत लिहून मिळणेबाबत.

संदर्भ :
१) अर्जदाराचा ऑनलाइन अर्ज, दि. २० जानेवारी
२) आपले पत्र, दि. २४ जानेवारी (“कालचे कीर्तन”)
३) अर्जदाराचा खुलासा, दि. २९ जानेवारी
४) आपले पत्र, दि. ४ फेब्रुवारी (“गोविंदा पथक”)
५) पंचनामा, दि. १२ फेब्रुवारी (“मंडप नग एक, आत मुगवड्या”)
६) आपले पत्र, दि. १७ फेब्रुवारी (“प्रकरण निकाली”)

महोदय,

उपरोक्त विषयान्वये सविनय सादर करण्यात येते की :

१. अर्जदार रुखमा मोहुर्ले, वय चौसष्ट, ही हनुमान मंदिरामागे राहणारी असून एकतीस वर्षे अंगणवाडी सेविका होती. पोषण आहाराची रजिस्टरे भरून भरून तिची लेखणी शासकीय झाली, आणि सात वर्षांची असल्यापासून कीर्तने ऐकून ऐकून तिचे तोंड पाल्हाळिक झाले. सबब या अर्जात दोन्ही गोष्टी आढळतील, त्याबद्दल क्षमा असावी. कीर्तनात बुवा मूळ विषय सोडून दृष्टांतात शिरतात. श्रोत्यांना वाटते, बुवा हरवले. आणि मृदंगावर थाप पडताच बुवा नेमके जागेवर परत येतात. अर्जदारही येईल. साहेबांनी धीर सोडू नये.

२. आपली चिचपेठ दोन वर्षांपूर्वीपर्यंत ग्रामपंचायत होती. तेव्हा मंडप घालायचा तर सरपंचाला दारातून हाक मारून सांगितले जाई आणि तो आतूनच “घाला न बाप्पा” म्हणे. एवढीच कार्यपद्धती होती. त्यानंतर आपण शहर झालो. शहर झाल्याची खूण म्हणून राजुऱ्याच्या रस्त्यावर एक सिग्नल लागला, तो आजपावेतो पिवळाच आहे. दुसरी खूण म्हणून “तात्पुरती संरचना परवानगी” सुरू झाली. अर्जदाराचा नियमाला विरोध नाही. सहाशे माणसे ज्या छताखाली बसतात, ते छत कोणीतरी पाहिलेच पाहिजे. मंदिराच्या सभागृहात पस्तीस माणसे बसतात, तीही एकमेकांवर प्रेम असेल तरच. आणि फेब्रुवारीतले आपल्याकडचे अकराचे ऊन साहेबांना ठाऊक आहे. म्हणून मंडप हवा.

३. आता ज्या शब्दावरून हे सगळे रामायण घडले, तो शब्द. सप्ताहाची सांगता ज्या कीर्तनाने होते, ते काल्याचे कीर्तन. काला म्हणजे लाह्या, दही, पोहे, मीठ, मिरची आणि ज्याच्या घरी जे असेल ते, सगळे एका हंडीत कालवलेले. गोकुळात गाई राखताना देवाने सवंगड्यांच्या शिदोऱ्या सोडायला लावल्या, कोणाचे दही, कोणाची कोरडी भाकर, सगळे एकत्र केले आणि मग प्रत्येकाला घास भरवला. कोणता घास कोणाच्या घरचा, हे ओळखू येऊ नये, एवढाच त्याचा अर्थ. बुवा हंडी फोडतात, प्रसाद वाटतात, आणि ज्यांचे वर्षभर बोलणे नव्हते ती माणसेसुद्धा एकमेकांच्या हातातले खातात. अर्जदाराने आपल्या धाकट्या जावेशी चार वेळा अबोला धरला आणि चारही वेळा तो काल्याच्याच दिवशी सुटला. असा हा शब्द आहे. ‘काल्याचे’ मधल्या ‘ल्या’तला ‘या’ काढला, तर मागे राहते ‘कालचे’. कृपया हे ध्यानात ठेवावे.

४. आता माणूस. श्री. मुखरू लोनबले, वय एकाहत्तर, धान गिरणीत काट्यावर बसतात. त्रेचाळीस वर्षे ते टाळकऱ्यांच्या मागच्या ओळीत, उजवीकडून तिसरे, असे उभे राहिले. आवाज असा, की बुवांनी वरचा सूर घेतला की सगळी सभा बुवांकडे पाहते आणि कान मुखरूभाऊंकडे लावते. परंतु स्वभाव अतिशय लाजाळू. लग्नात मंगलाष्टक म्हणा म्हटले, तर ते स्वतःच्या मुलीच्या लग्नात पाणी वाटायला निघून गेले. पंचवीस वर्षे काल्याचे कीर्तन गुणवंतराव महाराज करीत. महाराज आता शहाऐंशी वर्षांचे आहेत, दम पुरत नाही. यंदा त्यांनी जाहीर केले, “काल्याचं मुखरू करनार. मी पुढं बसतो. चुकला तं खोकलतो.” पुढच्या वर्षी आपण ऐकायला असू की नाही, हेही ते म्हणाले, पण हसत म्हणाले. मुखरूभाऊ तीन दिवस कोणाशी बोलले नाहीत. चौथ्या दिवशी म्हणाले, “महाराजाचा शब्द हाये. पाहू.” सदर “पाहू” मिळवायला गावाला त्रेचाळीस वर्षे लागली, याची नोंद घ्यावी.

५. दि. २० जानेवारी रोजी अर्जदार ऑनलाइन सेंटरवर गेली. सेंटर चालविणारी कु. पुनम हिने मोबाईलवर फॉर्म भरला. कार्यक्रमाचे नाव अर्जदाराने तोंडी सांगितले, “काल्याचं कीर्तन.” मोबाईलने लिहिले, “कालचे कीर्तन.” हे तेव्हा कोणाच्या लक्षात आले नाही. पुढे विचारले असता पुनम म्हणाली, “बाई, मी बराबरच टाकलं होतं जी. मोबाईलनंच बदललं. त्याले काला माहीतच नाई, त्याले कालच माहीत हाये.” हे अर्जदारास पटते. ज्याने कधी कोणाच्या हातचा घास खाल्ला नाही, त्या यंत्राला काला कुठून ठाऊक असणार?

६. दि. २२ जानेवारी रोजी अर्जदार चौकशीसाठी आपल्या कार्यालयात आली. खिडकीवर लिपिक श्री. प्रवीण होते. हे अर्जदाराच्याच अंगणवाडीतले. काल, आज, उद्या हे त्यांना अर्जदारानेच चित्रे दाखवून शिकविले होते, त्यामुळे पुढे जे घडले त्याचा काही दोष अर्जदाराच्या माथी येतो आणि तो ती नाकारत नाही. संभाषण जसे झाले तसे देत आहे, कारण ते नंतर अर्जदाराची “तोंडी कबुली” म्हणून फाईलला लागले :

“रामराम बाई.”
“रामराम. प्रवीण, आमच्या अर्जाचं काय झालं? काल्याच्या कीर्तनाचा.”
“हाये न. दिसून राह्यला. कालचं कीर्तन. किती तारखेले होतं?”
“एकवीसले.”

येथे श्री. प्रवीण यांनी भिंतीवरचे कॅलेंडर पाहिले. बावीस तारीख होती. महिना कोणता, हे त्यांनी विचारले नाही आणि अर्जदाराने सांगितले नाही.

“एकवीसले. मंग झालं.”

अर्जदाराला वाटले, परवानगी झाली. दोन दिवसांत सरकारी काम झाले, म्हणून तिचा ऊर भरून आला.

“झालं? अव माय! लय बरं झालं बाप्पा. देव पावला!”
“चांगलं झालं न?”
“याच्यापेक्षा चांगलं काय व्हायचं?”
“लोकं किती?”
“सहाशे तरी धर.”

श्री. प्रवीण यांनी सहाशे लिहिले. अर्जदाराने त्यांच्या डोक्यावरून हात फिरवला आणि घरी जाऊन देवापुढे साखर ठेवली.

७. दि. २४ रोजी संदर्भ क्र. २ चे पत्र आले. त्यात नमूद होते की, “आपण दि. २१ जानेवारी रोजी कालचे कीर्तन हा कार्यक्रम सहाशे लोकांच्या उपस्थितीत, विनापरवाना मंडपात, चांगल्या प्रकारे पार पाडल्याचे आपल्या तोंडी कबुलीवरून दिसून येते. कार्यक्रम झालेला असल्याने परवानगीचा प्रश्न उद्भवत नाही. सदर मंडप तत्काळ काढून खुलासा सादर करावा.”

नोटीस वाचून अर्जदार हादरली, पण त्याहून वाईट पुढे आहे. गावात कागद एका हातातून दुसऱ्या हातात जातो, तसा तो गिरणीत गेला. मुखरूभाऊंनी चष्मा लावून तो तीन वेळा वाचला. वाचता वाचता त्यांच्या चेहऱ्यावर जी शांती आली, ती अर्जदाराने यापूर्वी फक्त एकादशी सोडताना पाहिली होती.

“म्हंजे झालं माह्यं कीर्तन.”
अर्जदार म्हणाली, “अजी भाऊ, कुठी झालं? एकवीसले तं तुमी इथीच पोते मोजत होते.”
“कागद तसं म्हणत नाई, बाई. सहाशे लोकं होते म्हणते. चांगल्या परकारे झालं म्हणते. सरकारचा शिक्का हाये. आता पुन्हा काऊन करा लागते?”
“आन् महाराजाचा शब्द?”
“महाराजाचा शब्द पाळला न मी. दाखवा त्याईले कागद.”

असे म्हणून त्यांनी कागदाची चौघडी केली आणि सदऱ्याच्या आतल्या खिशात, काळजाच्या बाजूला ठेवली. महोदय, अर्जदाराचे गाऱ्हाणे मंडपाचे आहे खरे. पण मंडप नसला तर माणसे डोक्यावर टॉवेल टाकून बसतील. कीर्तन करणाराच जर आपल्या कार्यालयाच्या शिक्क्यामागे लपून बसला, तर माणसांनी बसायचे कोणासमोर?

८. दि. २९ रोजी अर्जदाराने खुलासा सादर केला. काला म्हणजे काय, हे वर परिच्छेद ३ मध्ये लिहिले तसेच लिहिले. फक्त जावेचे नाव घालून लिहिले, ते आता गाळले आहे. खुलाशात “बुवा हंडी फोडतात” असे वाक्य होते. त्यावर दि. ४ फेब्रुवारीस संदर्भ क्र. ४ चे पत्र आले, की सदर कार्यक्रम दहीहंडी स्वरूपाचा दिसतो, तरी (अ) मानवी थर किती, (आ) गोविंदा पथकातील सदस्यांची नावे व वये, (इ) हंडीची जमिनीपासून उंची, (ई) वरून पडल्यास करावयाची व्यवस्था, ही माहिती द्यावी. अर्जदाराने तीन दिवसांत लेखी माहिती दिली ती अशी : (अ) थर एक. (आ) पथकात मुखरूभाऊ, वय एकाहत्तर. (इ) उंची साडेपाच फूट, म्हणजे मुखरूभाऊंच्या टोपीपेक्षा दोन बोटे वर. त्यांना काठी लागते. (ई) ते आधीच खाली उभे आहेत, त्यामुळे वरून पडण्याचा संभव नाही; पडलाच तर काला पडतो आणि तो खातात.

९. सदर माहितीवर उत्तर आले नाही. त्याऐवजी दि. १२ फेब्रुवारी रोजी सकाळी दहा वाजता कनिष्ठ अभियंता श्री. अतुल साहेब ट्रॉली व दोन कर्मचारी घेऊन “कालचा मंडप” काढण्यासाठी पटांगणात आले. महोदय, नसलेला मंडप काढायला येणे हे किती अवघड काम आहे, याची अर्जदारास जाणीव आहे. साहेबांनी पटांगण चारी बाजूंनी पाहिले. लिंबाखाली पाहिले. देवळाच्या मागे पाहिले. मागे अर्जदाराने मुगवड्या वाळत घातल्या होत्या आणि कावळ्यांनी नेऊ नये म्हणून चार काड्या रोवून वर आपली निळी, पिवळ्या काठाची साडी बांधली होती. साहेब तिथे थांबले.

“हे काय हाये, बाई?”
“मुगवड्या हायेत, साहेब.”
“वरचं काय हाये?”
“साडी.”
“खांब चार. वर कापडी छत.” साहेबांनी टेप काढला. “सहा बाय चार. बसते जी हे व्याख्येत. मले रिकामी ट्रॉली परत नेता येत नाई, बाई. तिकडं इंजिन चालू केल्याचं बी कारण लिवा लागते.”

अर्जदाराला त्यांची दया आली. तिने चहा दिला आणि पंचनाम्यावर पंच म्हणून स्वतःच सही केली. साडी ट्रॉलीत गेली. एवढ्या मोठ्या ट्रॉलीत ती एकटी साडी पाहून गल्लीतल्या बायांनी हात जोडले. त्यांना वाटले, कोणत्या तरी देवीची मिरवणूक आहे. सदर साडी अर्जदार काल्याच्या कीर्तनाला नेसणार होती. ती आता आपल्या भांडारात “मंडप नग एक, निळा” या नावाने जमा आहे. परत मागितली असता, “मंडपाची परवानगी दाखवा व मंडप घेऊन जा,” असे सांगण्यात आले.

१०. दि. १७ रोजी शेवटचे पत्र आले, ते असे : कार्यक्रम पार पडला आहे, मंडप काढण्यात आला आहे, अर्जदाराने सहकार्य केले आहे, सबब प्रकरण निकाली. नवीन अर्ज करू म्हटले, तर एका जागी एका कार्यक्रमासाठी वर्षातून एकदाच परवानगी, असा नियम श्री. प्रवीण यांनी दाखविला. परवानगी एकदाही दिलेली नाही, हे अर्जदाराने निदर्शनास आणले. त्यावर ते म्हणाले, “बाई, तुमचं बराबर हाये. पण फाईल बंद झाली की तिच्यात काय नव्हतं हे पाहता येत नाई.” लहानपणीही हा मुलगा असाच होता. झाकण लावलेला डबा रिकामा आहे, हे त्याला पटत नसे. काल दि. १९ रोजी सुट्टी होती, म्हणून हा अर्ज आज. (येथील ‘काल’ हा खरोखरचा काल आहे.)

११. आता अर्जदार मूळ विषयावर येते. सप्ताह चौदा तारखेपासून सुरू आहे. सहा दिवस कीर्तने झाली, सातवे आज आहे, आणि उद्याचे कोण करणार, हे कोणी कोणाला विचारत नाही. मुखरूभाऊ रोज येतात, मागच्या ओळीत उजवीकडून तिसरे उभे राहतात आणि कोणी उद्याचा विषय काढलाच, तर खिशावर हात ठेवतात.

परवा भर दुपारी अर्जदार गिरणीपुढून जात होती. मिल बंद होती, जेवणाची वेळ. आतून आवाज आला. दाराच्या फटीतून पाहिले, तर मुखरूभाऊंनी धानाची पोती दोन ओळींत उभी केली होती, सात आणि सात, टाळकरी उभे राहतात तशी. समोर आणखी तीसेक पोती, ही सभा. आणि मुखरूभाऊ मध्ये उभे, गळ्यात उपरणे, खाली पोत्याचा रिकामा बारदाना अंथरलेला. ते शिदोऱ्या सोडण्याचा प्रसंग सांगत होते. एक गरीब गवळ्याचा पोर आपली कोरडी भाकर पाठीमागे लपवतो, आणि देव म्हणतो, मला तीच पाहिजे. महोदय, अर्जदाराने पन्नासेक वर्षे हा प्रसंग ऐकला आहे. परंतु लपवणारा पोर कसा उभा असतो, हे तिने परवाच पाहिले. मुखरूभाऊ मान खाली घालून, दोन्ही हात मागे बांधून, स्वतःच तो पोर झाले होते. त्यांना त्यासाठी काही वेगळे करावे लागले नाही.

मग ते मध्येच थांबले आणि लांबवरच्या पोत्यांकडे पाहून म्हणाले, “मांगच्या मंडळीले आयकू येते काजी?” पोती काही बोलली नाहीत. तो त्यांनी होकार धरला आणि पुढचा सूर लावला. अर्जदार दाराबाहेर चप्पल हातात घेऊन उभी राहिली. कीर्तन चालू असताना चप्पल घालून निघणे तिच्याच्याने झाले नाही.

सूर संपला. त्यांनी खिशातून आपले पत्र काढले, वाचले, आणि परत ठेवले. अर्जदार आत गेली तेव्हा ते पोती पाडत होते.

“भाऊ, तुमाले करायचं हाये.”
“मले भेव लागते, बाई.”
“कोनाचं?”
“सहाशे लोकायचं. पोते उठून जात नाईत.” मग खाली पाहत म्हणाले, “सरकारनं झालं लिवलं, तं सरकारनंच नाई झालं असं लिवावं. मंग मले दुसरी जागाच नाई लपाले. मंग राहीन उभा.”

म्हणून विषयाच्या ओळीतली दुसरी मागणी आहे. पहिलीपेक्षा ती मोठी आहे, पण तिला बांबू लागत नाहीत. अर्धी ओळ आणि सही लागते.

१२. मंडपाबाबत. बेलटोल्याचे श्री. बुधू मडावी दरवर्षी आपल्या बाडीतले बांबू मंडपासाठी देतात. त्यांचा देव वेगळा, पूजा वेगळी. ते कीर्तनाला येतात ते मुखरूभाऊंच्या आवाजासाठी आणि काल्यासाठी, आणि येताना चारोळी आणतात, ती हंडीत जाते. त्यांना सगळा पत्रव्यवहार वाचून दाखविला. ते ऐकत ऐकत बांबू तासत होते. शेवटी त्यांनी एकच विचारले, “साहेब रोवू नका म्हणते का?” होय म्हटले. “मंग कायले रोवता? धरून उभे राहू.”

अर्जदाराने फॉर्ममधली व्याख्या पुन्हा वाचली. तात्पुरती संरचना म्हणजे “जमिनीत रोवलेल्या अथवा जमिनीवर टेकविलेल्या खांबांवर उभारलेले छत.” बांबू माणसांच्या खांद्यावर असतील. माणसे जमिनीवर उभी असतील हे खरे, पण माणसाला खांब म्हणावे किंवा कसे, याबाबत आपले मार्गदर्शन मिळावे. वीस बाय तीसच्या कापडाला बारा बांबू लागतात. बुधूभाऊंसह बेलटोल्याचे पाच, आपल्या आळीतले तीन, पुनम एक (मोबाईलची चूक भरून काढायची म्हणते), असे नऊ झाले. दहावे श्री. प्रवीण. अकरावे श्री. अतुल साहेब. त्यांनी उद्याची किरकोळ रजा टाकली आहे. ती आपल्याच टेबलावर असेल. अर्जदार स्वतः धरू शकत नाही, कारण कीर्तन ऐकताना तिला टाळ्या वाजवायला दोन्ही हात लागतात.

बारावा बांबू रिकामा आहे. तो अगदी पुढचा आहे, गुणवंतराव महाराजांच्या खुर्चीला लागून. तिथून खोकला सर्वांत आधी ऐकू येतो आणि कीर्तनकाराचा चेहरा सर्वांत जवळून दिसतो.

सबब विनंती की,

(क) उद्या, शुक्रवार दि. २१ फेब्रुवारी रोजी, सकाळी नऊ ते एक या वेळेसाठी मंडपाची परवानगी द्यावी;

(ख) ते शक्य नसल्यास बारावा बांबू धरण्यासाठी साहेबांनी स्वतः यावे, टोपी किंवा रुमाल आणावा. ठेका पायाने धरावा, छत हलू देऊ नये;

(ग) “मंडप नग एक, निळा” हा नेसण्यापुरता तरी सोडावा;

(घ) आणि वरीलपैकी काहीही न जमल्यास, सोबतच्या कागदावर फक्त सही करावी.

महोदय, साहेबांनी हा अर्ज आज वाचला, तर कीर्तन उद्याचे आहे. उद्या सकाळी वाचला, तर ते आजचे आहे. परवा वाचला, तर मात्र ते खरोखरच कालचे कीर्तन होईल आणि आपले कार्यालय पहिल्या दिवसापासून बरोबर होते असे ठरेल. कार्यालय बरोबर ठरावे, अशी अर्जदाराची एरवी नेहमीच इच्छा असते. एवढ्या एका वेळी ते चुकावे.

आपली नम्र, आणि अजून न झालेल्या कीर्तनाची श्रोती,

(सही)
रुखमा मोहुर्ले
सेवानिवृत्त अंगणवाडी सेविका
हनुमान मंदिरामागे, चिचपेठ

सोबत :
१) संदर्भ क्र. १ ते ६ च्या प्रती. (क्र. २ ची प्रत काढता आली नाही, मूळ कागद मुखरूभाऊंच्या खिशात आहे.)
२) मुगवड्या, एक वाटी. ही भेट नसून पंचनाम्यातील मुद्देमाल आहे. तो ट्रॉलीत न्यायचा राहिला होता.
३) एक कागद. त्यावर “काल्याचे कीर्तन झालेले नाही. व्हायचे आहे.” एवढे अर्जदाराने सुवाच्य अक्षरात लिहून ठेवले आहे. ‘ल्या’ दोनदा गिरवला आहे. खाली सहीची जागा सोडली आहे.

ता. क. : अर्जदाराचे गुडघे दुखत असल्याने हा अर्ज सायकलवरून मुखरूभाऊंनीच आणला आहे. आत काय लिहिले आहे, हे त्यांनी विचारले नाही, “जरुरी हाये काय?” एवढेच विचारले, आणि जेवण सोडून निघाले. ते बाहेर बाकावर बसले असतील. सही झाल्यावर कागद त्यांच्याच हातात द्यावा. ते गुणगुणत असल्यास शिपाईभाऊंनी हटकू नये. बाजूला बसून थोडे ऐकावे, आणि मागे ऐकू येते, असे त्यांना सांगावे.